लांब नाकाचा प्लग

प्रिय अनया आणि नील,

परवा आपल्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. तो मीच तुमच्या आईला पाठवला आणि तिनं तुम्हाला दाखवला. फोटोत एक लाल, उघडी, दोन सीटांची गाडी आहे. गाडीला टेकून पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे आहेत आणि खाली लिहिलं आहे, 'आमच्या आजोबांची स्पोर्ट्स कार'. नील, तू फोनवर विचारलंस, "आजी, मागे फडकं घेऊन उभी आहे ती त्यांची कामवाली का?"

तुझी काही चूक नाही. फोटो बघून कोणीही तेच विचारलं असतं. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला, कारण मला इतका राग आला होता की धड बोलता आलं नसतं. राग अजून गेलेला नाही, पण आता निदान अक्षर सरळ येतं आहे. ग्रुपवर लिहिता आलं असतं. पण तिथे लोक हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि विषय मिटतो. हा विषय मला मिटवायचा नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

ती बाई म्हणजे नलिनी. आम्ही सगळे तिला नलू म्हणायचो. गाडी तिची होती. टेकून उभे आहेत ते तिचे थोरले भाऊ. सोसायटीत सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. त्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही त्यांना माहीत नव्हतं.

आम्ही तेव्हा अंधेरीला, पूर्वेकडे मरोळच्या बाजूला राहायचो. मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्यावर, वडिलांच्या जागेत, भाऊ आणि वहिनींबरोबर. तिनं लग्न केलं नव्हतं. साकीनाक्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. तिथे रंग जुळवायचं काम तिच्याकडे. गिऱ्हाईक दाराचा एखादा टवका आणून द्यायचं आणि म्हणायचं, हाच रंग हवा. नलू तो टवका खिडकीशी धरून बघायची आणि सांगायची, यात काळा किती आणि पिवळा किती. त्यामुळे तिच्यासमोर नुसतं 'पांढरा' म्हणायची सोय नव्हती. माझ्या नव्या पडद्यांना मी क्रीम म्हटलं तर म्हणाली, "इंदू, हा क्रीम नाही. हा उकडलेल्या बटाट्याचा रंग आहे." आणि खरंच, त्यानंतर मला त्या पडद्यांकडे बघून भूक लागायची.

ती बारीक, सावळी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नऊवारी नाही, साधी पाचवारीच, पण गाडी चालवताना पदर कमरेला असा करकचून खोचायची की जणू भांडायलाच निघाली आहे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बहुतेक वेळा ती भांडायलाच निघालेली असायची, हेही खरं. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी बघ, मग बोल." दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, मला, सगळ्यांना तेच. लोक म्हणत, नलू तापट आहे. तापट होतीच. तिच्या जागी मी असते तर मला जेलमध्ये टाकावं लागलं असतं.

उदाहरण देते. एकदा मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. पेट्रोल पंपावर गाडी थांबली. पोऱ्या धावत आला, गाडीभोवती फिरला, आम्हा दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "साब किधर है?"

नलू म्हणाली, "डिकीत. तू टाकी भर."

त्यानं खरोखर मागे जाऊन डिकीकडे बघितलं. मी हसून हसून बेजार झाले. ती हसली नाही. "रोज विचारतात गं," म्हणाली. "रोज नवीन विनोद कुठून आणू?"

ही गाडी तिच्या वडिलांनी घेतली होती. एक साहेब देश सोडून परत चालला होता, त्याच्याकडून. इंग्लंडची, पन्नास सालच्या आसपासची. वडील आणि नलू दर रविवारी तिच्यात डोकं घालून बसत. वडिलांनी तिला कार्ब्युरेटर उघडायला शिकवला, तेव्हा ती शाळेत होती. भाऊ त्या वेळी गॅलरीतून ओरडायचे, "जेवायला या आता!" वडील सगळ्यांसमोर म्हणायचे, "गाडी नलूची." पण म्हणणं निराळं आणि आर.टी.ओ.त नाव चढणं निराळं. वडील गेल्यावर सह्या करायला घरातले पुरुष गेले. भाऊ तिला म्हणाले, "तू कशाला त्या रांगेत उभी राहतेस? मी बघतो सगळं." त्यांनी सगळं बघितलं आणि गाडी त्यांच्या नावावर झाली. नलूला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊच तो, तिला वाटलं.

मग साधारण चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत गाडी कुरकुरायला लागली. वेगात बरी जायची, पण मरोळ नाक्याच्या गर्दीत इंच इंच सरकताना अडखळायची, खोकायची आणि बंद पडायची. त्याच सुमाराला भाऊंना एक गिऱ्हाईक भेटलं. चित्रपटांच्या शूटिंगला जुन्या गाड्या भाड्यानं देणारा माणूस. भाऊंनी जेवताना विषय काढला. हे मला नलूनं सांगितलं, आणि वहिनींनीही, म्हणून मी खात्रीनं लिहिते.

"बंद पडणारी गाडी ठेवून करायचं काय, नलू?"

"बंद पडते ती दुरुस्त होते."

"बरं. दिवाळीपर्यंत दुरुस्त कर. मी स्वतः शेजारी बसतो. आरे कॉलनीतला चढ न थांबता चढली तर ठेव तुला. नाही चढली तर द्यायची."

"शब्द?"

"शब्द."

आता प्लगचं सांगायला हवं. तुमच्या पिढीच्या गाड्यांत तो असेल नसेल, मला कल्पना नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला बोटाएवढा एक तुकडा असतो, तो स्पार्क प्लग. या गाडीला चार. त्याच्या टोकाशी पांढऱ्या चिनी मातीचं एक नाक असतं. नाक लांब असेल तर ते तापलेलं राहतं आणि स्वतःवर बसलेली काजळी जाळून टाकतं. त्याला म्हणतात गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड प्लग. सुसाट पळणाऱ्या गाडीला थंड हवा, रखडत जाणारीला गरम. इतकंच आहे. मला हे नलूनं माझ्या ओट्यापाशी उभं राहून, एका हातात गाजर आणि एका हातात मुळ्याचं बुडखं धरून शिकवलं होतं आणि मला एकदाच सांगून कळलं होतं.

बाकी कोणाला कळेना. आमच्या इमारतीच्या मागे बाबल नावाचा मेकॅनिक होता, मालवणकडचा. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि निदान केलं, "ताई, गाडयेक उष्णता झाली हा."

"म्हणजे काय, बाबल?"

"तापता मां? मगे थंड प्लगच व्हयो."

"अरे, ती इंजिनाची थंडी नाही. प्लग स्वतः किती थंड राहतो ते आहे. गाडीला काय आंबा बाधलाय, सब्जा द्यायला?"

"माका शिकवतास काय, ताई? तीस वर्सां ह्याच करतंय."

आणि भाऊंचं शास्त्र त्याहून भारी. त्यांच्या क्लबातल्या कोणा मित्राकडे परदेशातून आणलेले चार शर्यतीचे प्लग होते. चकचकीत डबीतले. शर्यतीचे म्हणजे अर्थातच थंड. भाऊ म्हणाले, "स्पोर्ट्स कार आहे, तिला स्पोर्ट्सचेच प्लग लागणार." एके दिवशी नलू कारखान्यात असताना त्यांनी बाबलला बोलावून ते बसवून घेतले. तिला विचारलं नाही. एकाला उष्णता बाधली म्हणून थंड हवा होता, दुसऱ्याला मोठेपणासाठी. दोघांचं एकमत झालं आणि जिला कळत होतं तिला बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मरोळ नाक्यावर, भर चौकात बंद पडली. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, बससाठी स्टॉपवर उभी होते, मी डोळ्यांनी बघितलं. मागे बसचा भोंगा, रिक्षावाले हसतायत, एक स्कूटरवाला ओरडला, "बाई गाडी चालवतेय, वाट लागली!" भाऊंच्या ओळखीचे एक गृहस्थ फुटपाथवर होते. त्यांनी संध्याकाळी भाऊंना सांगितलं की नलूताईंना क्लच नीट जमत नाही. वीस वर्षं चालवत होती ती! नलूनं खाली उतरून चौघांना हाक मारली, गाडी कडेला लावली, पदर खोचला आणि तिथेच प्लग काढला. मी पलीकडे गेले. तिनं तो माझ्यासमोर धरला. टोक काळं, कोरडं, चुलीच्या आतल्या बाजूसारखं.

"बघितलंस? हा काजळीचा काळा. तेलाचा असता तर ओला दिसला असता. पेट्रोल जास्त जातंय का ते मी आधीच तपासलंय. जात नाही. या नाकाला ऊबच मिळत नाही."

"मग कसा हवा?"

"चहाच्या रंगाचा. तुझ्या नाही, वहिनीच्या. तू दूध फार घालतेस."

त्या संध्याकाळी आम्ही साकीनाक्याला गेलो. तिथे एका रांगेत वर्कशॉपं आणि सुट्या भागांची दुकानं होती. त्या काळात विलायती गाडीचे प्लग दुकानात मिळत नसत. जो आपल्याकडे तयार होतो त्यातून जुळणारा शोधायचा. दुकानदार सिंधी होता, गल्ल्यावरून न उठता त्यानं विचारलं, "गाडी कौनसी?"

"गाडीचं नाव सांगितलं की तुम्ही 'नहीं है' म्हणाल. हा घ्या नमुना. याच जाडीचे आटे, आटे याच लांबीचे, एक सूतही जास्त नको, नाही तर आत पिस्टनला आपटेल. फक्त नाक याच्याहून लांब."

"लंबी नाक?"

"लांब नाकाचा. तुमच्यासारखा."

मी तिला कोपरानं ढोसलं. पण त्या माणसाला हसू आलं. त्यानं खरोखर उठून खोके काढले. नलूनं एकेक प्लग नमुन्याशेजारी उभा केला, नख लावून आटे मोजले, नाकं शेजारी शेजारी धरून दिव्याकडे केली. एकाचं नाक बरोबर, पण आटे लांब. एकाचे आटे बरोबर, पण तो आधीच्यापेक्षाही थंड. दुकान बंद व्हायची वेळ आली, तिची मान वर होईना. शेवटी एक बसला. दुकानदार म्हणाला, "मैडम, ये तो टैक्सी का है. काली-पीली में लगता है."

"म्हणूनच चालेल," नलू म्हणाली. "टॅक्सीसुद्धा दिवसभर मरोळ नाक्यावरच रखडते ना?"

घरी भाऊ भडकले. लाल विलायती गाडीत टॅक्सीचे प्लग! त्यांना वाटलं त्यांचं नाक कापलं गेलं. "लोकांना कळलं तर काय म्हणतील?" नलू पाना घेऊन खाली गेली. तिनं चारही प्लगांची ठिणगीची फट मापाच्या पातळ पातीनं तपासली आणि ते बसवले. पुढचे काही दिवस ती मुद्दाम सर्वांत गर्दीच्या वेळी घाटकोपरपर्यंत जाऊन यायची. मग एका सकाळी माझ्या दाराशी आली, तळहातावर प्लग. नाक तांबूस तपकिरी. "वहिनीचा चहा," म्हणाली. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी परीक्षा झाली. गाडी दोनच सीटांची, म्हणून साक्षीदार म्हणून मला तिनं बसनं पुढे पाठवलं आणि चढाच्या माथ्यावर उभं राहायला सांगितलं. आरेत त्या वेळी झाडीच झाडी होती. मला आधी आवाज आला, मग लाल रंग दिसला. पुढे म्हशींचा चारा नेणारा एक ट्रक धापा टाकत होता आणि त्याच्यामागे तिला अगदी पायी चालल्यासारखं यावं लागत होतं. नेमक्या अशाच वेगाला ती गाडी पूर्वी मान टाकायची. नाही टाकली. एकसारखी गुरगुरत वर आली आणि माझ्यासमोर थांबली. नलूचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मी टाळ्या वाजवल्या. मला लाजही वाटली नाही.

भाऊ खाली उतरले, रुमालानं मान पुसली आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"झकास चालते की गं आता," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. बंद पडते म्हणून तो भाव पाडत होता. आता चांगला देईल."

मी तिथे होते. मी हे कानांनी ऐकलं. तिनं विचारलं, "भाऊ, तू शब्द दिला होतास." ते म्हणाले, "अगं, तेव्हा चालत नव्हती म्हणून बोललो. तू एकटी बाई, उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर. आणि कागदावर नाव माझं आहे, नलू. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." इतक्या प्रेमळ आवाजात बोलले की बाजूनं जाणाऱ्याला वाटलं असतं, किती काळजी घेतात बहिणीची. आज हे लिहितानाही माझी मूठ वळली आहे.

ती तेव्हा एवढंच म्हणाली, "बसा. घरी सोडते तुम्हाला."

'बसा.' 'तुम्हाला.' जन्मल्यापासून ज्याला 'तू' म्हणत आली त्याला. त्या क्षणापासून ती त्यांना कायम 'तुम्ही' म्हणाली. नील, तुझ्या इंग्रजीत याला शब्द नाही. तिथे सगळेच 'यू'. आपल्याकडे सख्ख्या भावाला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखं आहे. आणि गंमत बघा, इमारतीतल्या लोकांना वाटलं, नलूताई वयाबरोबर सुधारल्या, भावाला मान द्यायला शिकल्या!

गाडी न्यायला माणूस आला त्या सकाळी मी तिला म्हटलं, "नलू, ते थंड प्लग आहेत ना अजून? तेच बसवून दे. पडू दे मरोळ नाक्यावर बंद. कळू दे सगळ्यांना."

ती माझ्यावर अशी उसळली, जशी भाऊंवर कधी उसळली नव्हती. "इंजिनानं काय केलंय गं तुझं? त्याला काजळी खायला घालू?"

आणि मग तिनं त्या ड्रायव्हरला बॉनेटजवळ उभं करून शिकवलं. कुठला प्लग मागायचा, आटे किती, नाक कसं. तो म्हणत होता, "टेन्शन मत लो, मैडम." ती म्हणाली, "टेन्शन माझं मी बघते. तू बोलून दाखव." त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग गाडी फाटकातून बाहेर गेली, एकदाही न अडखळता. नलू ती वळेपर्यंत कान देऊन उभी होती. मग वर जाऊन कारखान्याचा डबा भरला.

भाऊबीजेला वहिनींनी मला फराळाला बोलावलं होतं, म्हणून पुढचंही मी पाहिलं. पाट मांडला होता, रांगोळी होती. मला वाटलं नलू खोलीतून बाहेरच येणार नाही. आली. निरांजन लावलं, भाऊंना कुंकू लावलं, व्यवस्थित ओवाळलं. भाऊंनी खिशातून एक जाड पाकीट काढून तबकात ठेवलं आणि सगळ्यांकडे बघून हसले. सगळ्यांना कळलं, गाडीच्या पैशातला वाटा आहे.

नलूनं तबक खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"हे कशाचे?"

"तुझेच समज."

"गाडी माझी नव्हती, तर हे कशाचे? आणि माझी होती, तर विकलीत कशी?"

भाऊ म्हणाले, "नलू, सणासुदीला तमाशा नको." वहिनी करंज्यांचं ताट पुढे करत होत्या, कोणी घेत नव्हतं. पाकीट तबकात तसंच राहिलं. नंतर त्याचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. फोटो मात्र त्याच महिन्यातला आहे, गाडी जायच्या आदल्या दिवशीचा. भाऊंना आठवण म्हणून हवा होता. नलू मागे उभी आहे ती गाडी पुसून द्यायची म्हणून. विकलेली वस्तूसुद्धा ती स्वच्छ करून देत होती, आणि त्याचं फळ म्हणून चाळीस वर्षांनी ती कामवाली ठरली.

त्यानंतर तिनं दुसरी गाडी घेतली नाही. बसनं कारखान्यात जायची. आम्ही पुढे मुलुंडला राहायला गेलो आणि भेटी कमी झाल्या. मी तिला शेवटचं पाहिलं ते साकीनाक्यालाच. माझी बस सिग्नलला थांबली होती. कडेला एक काळी-पिवळी टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्यात नलू कमरेत वाकलेली, पदर खोचलेला, पायात तेच कॅनव्हासचे बूट, केस मात्र पार पांढरे. कुठला पांढरा, ते तिनंच सांगितलं असतं. टॅक्सीवाला हात जोडून म्हणत होता, "अहो मावशी, तुम्ही पॅसेंजर आहात, आत बसा ना!" ती वर न बघता त्याच्यावर ओरडत होती, "आधी बघ! बघ हा काय रंग झालाय!" मी खिडकीतून हाक मारली. भोंग्यांत तिला ऐकू गेली नाही. सिग्नल सुटला.

ती गेली तेव्हा मी वहिनींना भेटायला गेले. भाऊ त्याआधीच गेले होते. वहिनींनी विचारलं, "इंदू, तिची काही वस्तू हवी का?" नलूच्या पर्समध्ये बसचे पास, चष्म्याचं घर आणि प्लग काढायचा पाना होता. मी पाना मागितला.

गाडी कुठे आहे, आहे की भंगारात गेली, कोणालाच ठाऊक नाही. पाना माझ्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे, आणि गंजलेला नाही.

तुमची आजी